लालबागची खोली, मफिन आणि शू: मे ते सप्टेंबरच्या नोंदी

१८ मे २०२५

चाळीतली एक खोली, कोपऱ्यात मोरी, संडास गॅलरीच्या टोकाला, तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि तरी घरात कुत्रं आहे, अशा लोकांसाठी ह्या नोंदी ठेवतेय. नेटवर जेवढे सल्ले वाचले ते सगळे मागच्या दारी अंगण असलेल्यांचे. दार उघडा आणि बाहेर सोडा म्हणे. आमचं दार उघडलं की गॅलरी आणि गॅलरीत शेजारच्या काकूंचं पायपुसणं.

तर कुत्री शित्झू (लांब केसांची छोटी जात), वय चार, वजन सहा किलो, पिल्लं न होण्याचं ऑपरेशन झालेली, नाव मफिन. ऑफिसातल्या मैत्रिणीच्या ओळखीचं एक कुटुंब परदेशी शिफ्ट झालं, त्यांची ही. पवईला टॉवरमध्ये वाढलीय. "एकदम ट्रेन्ड आहे, काही त्रास नाही" असं सांगून दिली. ११ तारखेला आली आणि तेव्हापासून रोज घरात शू. शी मात्र खाली फिरायला नेलं की व्यवस्थित करते, म्हणजे बाहेर काय करायचं असतं हे तिला कळतं.

आत्तापर्यंतच्या जागा: दारातलं पायपुसणं, मोरीच्या कठड्यापाशी ठेवलेला जुन्या टॉवेलचा तुकडा, आईंची (सासूबाईंची) गोधडी, पोराचं दप्तर, काकूंचं पायपुसणं. नुसत्या लादीवर कधीच नाही, त्यामुळे फडकं मारलं आणि झालं असं पण होत नाही, प्रत्येक वेळी काहीतरी धुवायला निघतं.

सध्या उपाय म्हणजे फिनेल. खोलीला सरकारी दवाखान्याचा वास यायला लागलाय.

२१ मे

डॉक्टरकडे जाऊन आलो. हे पहिलं करा. मोठं झालेलं कुत्रं अचानक घरात शू करत असेल तर आधी लघवीची तपासणी आणि मग ट्रेनिंग, कारण इन्फेक्शन असेल तर तिला धरूनच ठेवता येत नसतं, मग तुम्ही कितीही शिकवा.

सॅम्पल कसं घ्यायचं हे कोणी नीट सांगत नाही म्हणून लिहिते. मेडिकलमधून स्टराइल डबी घेतली, १५ रुपये. पण शित्झूचं पोट जमिनीपासून चार बोटांवर, ती बसली की डबी खाली जातच नाही आणि हात दिसला की बाई उठून चालायला लागतात. शेवटी लांब दांड्याचा डाव घेतला, उकळत्या पाण्यातून काढला आणि सकाळी पायपुसण्यावर बसल्या बसल्या मागून सरकवला. पहिली धार सोडायची, मधली घ्यायची. दोन तासांत लॅबला पोचवा नाहीतर फ्रीजमध्ये ठेवा असं डॉक्टर म्हणाले होते, फ्रीजचं नाव काढल्यावर आईंचा चेहरा बघून मी तशीच पळत निघाले. तो डाव आता मफिनचा. आईंनी त्याच संध्याकाळी नवीन आणला, १२० रुपये.

डॉक्टरांनी विचारलेले प्रश्न, तुम्ही पण उत्तरं तयार ठेवा: थोडी थोडी सारखी करते का, करताना जोर लावते का, रक्त दिसतं का (इन्फेक्शन नाहीतर खडा). झोपेत गळते का, म्हणजे उठल्यावर अंथरूण ओलं पण तिला पत्ताच नाही असं (ऑपरेशन झालेल्या माद्यांमध्ये होतं, त्याला औषध असतं). पाणी खूप पिते का (डायबेटिस, किडनी वगैरे). कुठल्या स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत का, त्यानं पण पाणी आणि शू दोन्ही वाढतं.

पाण्याचं मोजमाप घरीच होतं. चोवीस तासांत किलोमागे १०० मिलीच्या वर पीत असेल तर काहीतरी गडबड आहे. म्हणजे आमची सहा किलोची, तिची लाइन ६०० मिली. दुधाच्या मापानं मोजून ओतलं आणि उरलेलं परत मोजलं, तीनशेच्या आसपास निघालं. रिपोर्ट पण क्लीन.

खर्च: तपासणी ६००, लघवी ४५०. हातात पैसे कमी असतील तर परळला बैलघोडा हॉस्पिटल आहेच, पाटीवर नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट, १८८३ पासून आहे, आमच्याकडून चालत जाता येतं. आम्ही गल्लीतल्या दवाखान्यात गेलो ते फक्त वेळेमुळे.

२४ मे

आजार नाही म्हणजे वळण नाही, असा निष्कर्ष घरात निघाला आणि सगळ्यांनी आपापले प्रयोग सुरू केले.

नवऱ्याने आरडाओरडा केला. काल पायपुसण्यावर बसलेली दिसली तर एवढ्या जोरात ओरडला की समोरच्या बिऱ्हाडातून विचारणा झाली. खालच्या आजोबांनी शूमध्ये तिचं नाक घासायला सांगितलं, ते आम्ही केलं नाही. काकूंनी कोपऱ्या-कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या टाकायला सांगितल्या आणि दोन आणून पण दिल्या. त्या लगेच उचलल्या. डांबर गोळी म्हणजे नॅप्थलीन, कुत्र्याने एखादी गिळली तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. सहा किलोच्या कुत्रीच्या आसपास ती नकोच. मिरचीपूडही सुचवली गेली. ज्या जमिनीवर आपण ताट ठेवून जेवतो तिथे मिरचीपूड टाकायची ही आयडिया कोणाला येते कशी देव जाणे.

काळं फिनेल पण बंद केलं. त्यात फिनॉल असतं, ती त्याच लादीवर चालते आणि मग पंजे चाटते.

व्हिनेगरचं कोणीतरी व्हिडिओत सांगितलं म्हणून नवऱ्याने काकूंच्या दारासमोर गॅलरीत शिंपडलं. आमच्या गॅलरीला शहाबादी फरशी आहे. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, त्यावर आंबट काही पडलं की खातं. फेस आला, आणि पुसल्यावर तिथे पांढुरका डाग, तो आता जात नाही. कोटा आणि मार्बलवालेही लिंबू-व्हिनेगरपासून लांब राहा. वास होता तसाच.

२६ मे

पाऊस. सकाळपासून. मुंबईत मान्सून यायची नेहमीची तारीख ११ जून, यंदा आजच आला. माझा सगळा प्लॅन पंधरा दिवस कोरड्या रस्त्यावर तिला सवय लावायची असा होता. हिंदमाताला पाणी, वरळीच्या नव्या भुयारी मेट्रो स्टेशनात पाणी, आणि मफिन आमच्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पुतळ्यासारखी. छत्री धरली, रेनकोट घातला, उचलून ठेवलं, पाय वर घेऊन उभी. वर आलो. आल्या आल्या माझ्या ओल्या ओढणीवर, जी मी नुकतीच जमिनीवर टाकली होती.

आज आणखी एक लक्षात आलं. पट्टा लावून मी शेजारी उभी असले की ती शू करतच नाही, मान वळवून माझ्याकडे बघते आणि धरून ठेवते. हे आधी नव्हतं. २३ च्या आरडाओरड्यानंतर सुरू झालं. म्हणजे तिने धडा घेतला तो असा, की माणसासमोर शू केली की माणूस पिसाळतो. आता बाहेरही माझ्यासमोर करणार नाही आणि घरात लपून करणार. ओरडणं आजपासून बंद, नवऱ्यासकट सगळ्यांचं.

३० मे

वास कुठून येतोय ते सापडेना म्हणून यूव्ही टॉर्च मागवली, ३९५ नॅनोमीटरवाली, ३५० रुपये. रात्री दिवे बंद करून फिरवली. आधी हार्ट अटॅकच आला कारण अर्धी खोली चमकत होती. पण ते कपडे होते. डिटर्जंटमध्ये पांढरं दिसायला जे घालतात ते यूव्हीत निळसर झळकतं, शाळेचा शर्ट तर ट्यूबलाइट. शूचा डाग मळकट पिवळा-हिरवट दिसतो आणि त्याला कडा असते, फरक कळला की पटापट सापडतात.

सापडलेले डाग: पायपुसण्याची जागा (अपेक्षित), कॉटच्या पायाशी जिथे गोधडीची घडी असते, आणि कपाटामागे. कपाटामागे आईंचं जुन्या साड्यांचं गाठोडं आहे. तिथे ती आम्ही ओरडायला लागल्यावर जायला लागली असणार, आधी तिथे वास नव्हता.

मग एन्झाइमवालं क्लीनर आणलं, ४५० रुपये अर्धा लिटर. पहिली बाटली वाया. कारण फिनेल बंद करून पण मी जुन्या सवयीने आधी त्यानेच पुसलं आणि वरून हे मारलं. फिनेल जंतू मारतं, ह्या क्लीनरमधले जंतू आणि एन्झाइमच तर काम करणार असतात, ती पण मेली. बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. बरोबर पद्धत: आधी सुक्या फडक्याने शोषून घ्या, साध्या पाण्याने पुसा, क्लीनर एवढं ओता की शू जिथवर मुरलीय तिथवर मुरेल, ओलं राहू द्या (मी वर प्लॅस्टिकची पिशवी अंथरते), मग आपोआप वाळू द्या. स्प्रे मारून लगेच पुसलं तर पैसे मोरीत. लाद्यांच्या सांध्यांमध्ये जास्त ओतावं लागतं.

ब्लीच पण नको. शूमध्ये अमोनिया सुटतो, ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की घशाला लागणारा विषारी वायू होतो, आणि आमच्यासारख्या एका खिडकीच्या खोलीत तर विचारूच नका.

१ जून

आज सगळं उलगडलं, आणि ते एका फोनवर. तिच्या जुन्या मालकिणीला व्हॉट्सॲप कॉल केला. हा कॉल ११ मे ला करायला हवा होता, दुसऱ्याचं कुत्रं आणणाऱ्यांनी कुत्रं दारात यायच्या आधी करावा.

तर "ट्रेन्ड" म्हणजे पॅडवर ट्रेन्ड. पवईच्या बाल्कनीत चोवीस तास पी पॅड, म्हणजे शू शोषून घेणारे मऊ चौकोन, पसरलेले असायचे, पिल्लू असल्यापासून. शी खाली, शू बाल्कनीत. बाहेर शू तिने जवळजवळ कधी केलेलीच नाही. त्यांच्या घरी सगळीकडे टाइल्स, एक पायपुसणं नाही, एक सतरंजी नाही. त्यामुळे त्यांना कधी प्रॉब्लेम दिसलाच नाही.

मग मी १८ मे ची यादी आणि नंतरच्या नोंदी काढून बघितल्या. पायपुसणं, टॉवेल, गोधडी, ओढणी, साड्यांचं गाठोडं. दप्तर पण कापडीच. लादीवर एकदाही नाही! पायाखाली मऊ आणि शोषून घेणारं लागलं की तिच्या हिशेबाने तो संडास. ती चार वर्षं जे शिकली तेच इमानदारीत करतेय, आणि आम्ही तिला प्रत्येक कोपऱ्यात संडास बांधून दिलेत.

आज लगेच: सगळी पायपुसणी, टॉवेलचे तुकडे, गोधड्या, गाठोडं, सगळं पोटमाळ्यावर. काकूंना जाऊन सांगितलं, त्यांचं पायपुसणं महिनाभर आत घ्यायची विनंती केली, आणि खराब झालेल्यांच्या बदल्यात दोन नवी, ३०० रुपये. काकू म्हणाल्या, "अगं मग आधी सांगायचंस ना, मी गोळ्या कशाला आणल्या असत्या."

३ जून

घरात चर्चा. माझं म्हणणं, तिसरा मजला, लिफ्ट नाही, आईंचे गुडघे, चार महिने पाऊस, तर "शू फक्त बाहेरच" हा हट्ट सोडायचा. खोलीत मोरी आहे. उतार आहे, जाळी आहे, पाणी आहे. पॅडवरून तिला मोरीत आणायचं. नवऱ्याचं म्हणणं, मोरीत आपण आंघोळ करतो, भांडी घासतो. ते खरंय. पण गेले तीन आठवडे आपण गोधडीवर झोपतोय त्याचं काय. आईंनी माझी बाजू घेतली. अट एकच, तिच्यानंतर मोरी साबणाने धुतल्याशिवाय भांडं आत जाणार नाही. मान्य. पर्मनंट पॅड हा पर्याय मी आधीच बाद केला, एक पॅड पंचवीस रुपयांच्या घरात पडतो आणि ओला पॅड चाळीच्या कचऱ्याच्या डब्यात काय वास मारतो ते एकदा बघून झालंय.

१५ जून

पद्धत: जुन्या पायपुसण्याच्या जागेवर पॅड ठेवला. तिला सुटल्यासारखं वाटलं, पहिल्याच दिवशी सगळी शू पॅडवर. मग पॅड मोरीच्या दिशेने रोज एक लादी सरकवायचा. शू करून झाली की लगेच, म्हणजे ती पॅडवरून उतरायच्या आत, उकडलेल्या चिकनचा चण्याएवढा तुकडा. ती उतरेपर्यंत थांबलात तर तिला वाटतं उतरल्याचं बक्षीस आहे. करत असताना हळू आवाजात "शू कर, शू कर". जुन्या घरी काहीतरी इंग्लिशमध्ये म्हणायचे, ते आईंच्या तोंडात बसेना.

वेळा: उठल्यावर, जेवल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी, खेळल्यावर, झोपायच्या आधी. मधल्या वेळात पट्टा माझ्या कमरेला. डोळ्याआड गेलीच नाही तर कपाटामागेही जाणार नाही.

रविवारी नणंद येणार म्हणून पॅड खोलीच्या मधोमध नको वाटला, एकदम तीन लाद्या पुढे ढकलला. ती जुन्या जागेवर गेली, वास घेतला, गोल फिरली आणि तिथेच नणंदेच्या पर्सवर. पॅड परत मागे. चार दिवस गेले ह्यात.

२२ जून

पॅड मोरीच्या कठड्याला टेकला आणि तिथे गाडी अडली. कठडा वीतभर उंच, तिचे पाय त्याहून आखूड. पुढचे दोन पाय कठड्यावर ठेवते आणि शू बाहेर. बाहेरून आईंचा जेवायचा पाट उलटा न करता पायरी म्हणून लावला, चढली. पाट पण गेला तिच्या खात्यात.

आत दुसरी अडचण. पालिकेचं पाणी पहाटे येतं, तेव्हापासून मोरीत पिंप भरणं, आंघोळी, डबे, भांडी. म्हणजे बरोबर तिच्या वेळेला मोरी ओली आणि बिझी. ओल्या फरशीवर ती पाय ठेवत नाही (हाच पावसाचा पण प्रॉब्लेम आहे हे आत्ता कळतंय). आता घरातला नंबर असा: पहिली मफिन, मग पिंप, मग माणसं. नवऱ्याने हे ऑफिसात सांगितलं नाहीये.

६ जुलै

पॅडच्या जागी काहीतरी धुता येणारं हवं, म्हणून खरं लॉन आणलं. नर्सरीत कार्पेट लॉनचा तुकडा मिळतो, १५० रुपये. ट्रेमध्ये घालून मोरीत ठेवलं. तिला जाम आवडलं, पहिल्या दिवसापासून वापर. मला पण वाटलं जिंकलो.

नंतर मोरी तुंबली. लॉनखालची लाल माती रोज थोडी थोडी जाळीतून जात होती. चाळीत मोऱ्यांचा पाइप वरून खालपर्यंत एकच, त्यामुळे पाणी दुसऱ्या मजल्यावरच्यांच्या मोरीत वर आलं. त्यात काय काय असणार ते तुम्हाला कळलंच असेल. प्लंबर ५००, आणि दुसऱ्या मजल्यावर माफी मागायला जाताना मिठाई, तिचा हिशेब धरत नाही. दोन दिवस मोरी बंद, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या आंघोळी माझ्या दिराच्या घरी. लॉन खाली झाडाच्या आळ्यात.

माती नको. मोरीला जोडलेलं काहीही करताना माती नको.

२० जुलै

आता चालू असलेली सिस्टिम, ही टिकेल असं वाटतंय. खाली बाथरूममध्ये घालतात ते भोकांचं प्लॅस्टिक मॅट, म्हणजे पाणी साचत नाही. वर प्लॅस्टिकच्या गवताचा तुकडा, दीड बाय दोन फूट. दोन घेतले, ७०० ला, कारण ह्या हवेत एक वाळायला दोन दिवस घेतो. सुरुवातीला तिने गवत ओळखलंच नाही. मग गवतावर पॅड, दर दोन-तीन दिवसांनी कात्रीने थोडा लहान. शेवटी तळहाताएवढा राहिला होता आणि ती त्याच्या शेजारी गवतावर करायला लागली तेव्हा काढून टाकला. पॅडचा एकूण खर्च २४०० च्या आसपास.

गवत रोज साबणाच्या पाण्याने, आठवड्यातून एकदा एन्झाइमवाल्यात बुडवून. नाही केलं तर तिसऱ्या दिवशी असा उग्र वास येतो की फिनेल परवडलं. मोरीत ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर टाकायची चाळीतली जुनी पद्धत बंद केलीय, दोन्ही एकत्र आली तर क्लोरीन सुटतो, आणि आता त्यात तिची शू पण आहे.

इतकं करून खोलीत बारीक वास राहिलाच होता. टॉर्च फिरवून काही दिसेना. शेवटी कळलं वास तिला स्वतःला येतोय. शित्झूचे पोटाखालचे आणि मागच्या पायांचे केस लांब, बसली की भिजतात, मग ती आमच्या चादरीवर. ग्रूमरकडून तेवढा भाग बारीक करून घेतला, ७००. त्याच रात्री वास गेला. दोन महिने लादी घासत होते मी.

१९ ऑगस्ट

कालपासून कोसळतोय. रेड अलर्ट, शाळा बंद, खाली गुडघाभर. तिला खाली नेलंच नाही. पाच वेळा मोरीत, व्यवस्थित. शी सुद्धा आज मोरीत केली, नाइलाजाने, चेहरा बघण्यासारखा होता.

ज्यांच्याकडे मोरी नाही आणि अशा दिवशी पाण्यातून न्यावंच लागतं त्यांच्यासाठी: लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस ह्या आजाराची) लस दरवर्षी द्यायची असते, ती चुकवू नका. उंदरांच्या लघवीतून साठलेल्या पाण्यात येतो आणि कुत्र्याला झाला तर त्याच्या लघवीतून आपल्याला होऊ शकतो. मी पुसताना ग्लोव्ह्ज घालते, साधे भांडी घासायचे. मफिनची लस मे मध्ये डॉक्टरांनी बघून दिली होती.

२९ ऑगस्ट

गणपती. लालबागमध्ये ह्या दहा दिवसांत कुत्र्याला खाली नेणं म्हणजे तिला पायाखाली देणं, रस्त्यावर मुंगीला जागा नाही. त्यामुळे सगळं मोरीवर, आणि ते चाललं होतं.

घरचा दीड दिवसाचा. आरतीला माणसं आली म्हणून नवऱ्याने पोटमाळ्यावरून सतरंजी काढली. मला विचारलं नाही आणि माझ्या डोक्यातही आलं नाही, मोदक वाफेवर होते. "घालीन लोटांगण" चालू असताना मफिनने सतरंजीचा वास घेतला, मध्यभागी गेली आणि बसली. टाळ्या चालूच होत्या. दिराच्या मुलीने बघितलं आणि ती एवढी हसली की आरतीची लय गेली. कोणी ओरडलं नाही. मी तिला उचलून मोरीत नेलं, उरलेली तिथे झाली, चिकनच्या जागी त्या दिवशी खोबऱ्याचा तुकडा.

सतरंजी लॉण्ड्रीत. म्हणजे मऊ कापड दिसलं की अजून तोच हिशेब, फक्त घरात कापड नव्हतं म्हणून आपल्याला दिसत नव्हता. तो भाग शिकवायचा राहिलाय.

७ सप्टेंबर

काल विसर्जन झालं. ढोल आणि फटाके दोन दिवस, ती कॉटखाली थरथरत होती आणि तिथेच थोडी शू. ही भीतीची, हिचा ट्रेनिंगशी संबंध नाही, पुसलं आणि सोडून दिलं. दिवाळीच्या आधी डॉक्टरांशी बोलायचंय, भीतीसाठी गोळी असते म्हणतात.

रस्ते मोकळे झालेत, पहाटे कोरडं असलं तर खाली नेते. आज मी पट्टा धरून शेजारी उभी असताना तिने गॅसच्या दुकानासमोरच्या झाडापाशी शू केली. मे नंतर पहिल्यांदा माझ्यासमोर बाहेर.

२८ सप्टेंबर

पायपुसण्यांची परत भरती चालू आहे, एकेक करून. कापडी लगेच नाही. आधी काथ्याचं आणलं, खरखरीत, त्यावर ती बसत नाही. ते आठवडाभर टिकल्यावर रबरी. कापडी पायपुसणं रोज फक्त मी समोर असताना तासभर टाकते, ती मोरीत जाऊन आल्यावर, म्हणजे टाकी रिकामी. त्यावर तिला खायला देते, त्यावरच तिचं खेळणं. जिथे जेवतात तिथे कुत्री सहसा शू करत नाहीत, त्याचाच फायदा घेतेय. वास घेते, गोल फिरायला लागली की मी मोरीकडे चालायला लागते आणि ती मागे येते. पाठ वळवून अजून ठेवलेलं नाही.

आत्तापर्यंतचा खर्च साडेसात ते आठ हजारांच्या मध्ये, त्यात क्लीनरच्या तीन बाटल्या. सगळ्यात जास्त पॅड खाल्ले. जुन्या मालकिणीला पहिल्या दिवशी फोन केला असता तर पहिली बाटली, काकूंची पायपुसणी आणि तीन आठवडे वाचले असते, डॉक्टरचे पैसे मात्र तरीही खर्च केले असते.

गोधड्या अजून पोटमाळ्यावरच. आईंना थंडी वाजायला लागेपर्यंत वेळ आहे, तोवर कापडी पायपुसणं पूर्ण दिवस टिकलं तर आधी एक जुनी गोधडी कॉटवर, जमिनीवर नाही. सतरंजी पुढच्या वर्षीच्या गणपतीपर्यंत कोणी काढायची नाही असं पोटमाळ्याच्या दारावर खडूने लिहिलंय.